एकतर्फी प्रेमाची गाणी गोड का लागतात

मराठीतील एकतर्फी प्रेमाचे जे गीत पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आले आहे, त्यात प्रेम करणारी माणूस नाही आणि ज्याच्यावर तिचे प्रेम आहे तोही माणूस नाही. कुसुमाग्रजांच्या १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘विशाखा’ या संग्रहातील ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ या कवितेत पृथ्वी सूर्याला विचारते, ‘युगामागुनी चालली रे युगे ही, करावी किती भास्करा वंचना’. सूर्य उत्तर देत नाही. गीत संपेपर्यंत तो एक शब्दही बोलत नाही, आणि तरीही शेवटची ओळ म्हणून झाल्यावर मनात जे रेंगाळते त्याला निव्वळ दुःख म्हणता येत नाही. त्यात एक प्रकारची भरलेपणाची जाणीव असते, जणू पृथ्वीला काहीतरी मिळालेच आहे. काहीच मिळाले नसताना हे ‘मिळाल्यासारखे’ कोठून येते, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडलेला आहे, आणि त्याचे उत्तर गीतांच्या शब्दांतच, त्यांच्या बांधणीतच सापडते असे मला वाटते.

प्रत्यक्ष आयुष्यात असे प्रेम कोणीही हौसेने मागून घेत नाही. जेवण जात नाही, झोप उडते, समोरच्याच्या एका साध्या नजरेचा दिवसभर अर्थ लावत बसावे लागते, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आपल्याच नजरेत आपली किंमत उतरते. मात्र याच अवस्थेचे गाणे लागले की आपण हातातले काम थांबवून ऐकतो आणि संपल्यावर पुन्हा लावतो. मराठीने या अवस्थेसाठी जे शब्द घडवले आहेत त्यांच्याकडे नीट पाहिले तरी उत्तराचा पहिला धागा हाती लागतो. ‘कुढणे’ आणि ‘झुरणे’ ही दोन्ही क्रियापदे आतल्या आत दुःख सोसण्याची आहेत, परंतु त्यांचा वापर आपण अगदी वेगवेगळ्या ठिकाणी करतो. माणूस अपमानाने कुढतो, मत्सराने कुढतो, कुढण्यात सारे लक्ष स्वतःच्या जखमेवर असते. झुरणे मात्र नेहमी कोणासाठी तरी असते, त्यात तोंड दुसऱ्याकडे वळलेले असते. ‘हुरहूर’ हा शब्द तर याहून नाजूक आहे, कारण हुरहूर लागते तेव्हा काहीतरी घडेल अशी अपेक्षाही त्यात मिसळलेली असते. गाणी होतात ती झुरण्याची आणि हुरहुरीची. कुढण्याची गाणी झाली तरी ती कोणी पुन्हा पुन्हा ऐकत नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण गाण्यांविषयी बोलताना तो सहसा पुसला जातो. विरह आणि एकतर्फी प्रेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विरहात प्रेम दोन्ही बाजूंनी असते आणि अंतर फक्त वाटेचे असते. पेशवाईतल्या लावणीतली स्त्री मोहिमेवर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहते, तेव्हा तो परतला तर आपलाच आहे हे तिला ठाऊक असते. एकतर्फी प्रेमात वाट अजिबात लांब नसते, ती व्यक्ती शेजारच्या बाकावर किंवा समोरच्या गॅलरीत असते, आणि तरीही मधले अंतर ओलांडता येत नाही. एवढा फरक असूनही दोन्ही प्रकारची गाणी एकच शब्दसंपत्ती वापरतात: तीच रात्र, तेच चांदणे, तीच न लागणारी झोप. त्यामुळे विरहासाठी लिहिलेले गाणे एकतर्फी प्रेमात पडलेला श्रोता सहज आपलेसे करून घेतो. भावगीताच्या काळात ही गोष्ट अधिकच सोपी झाली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे, तेवढ्या वेळात कथा सांगायला, पात्रांची नावे द्यायला किंवा घटनेचा शेवट करायला जागाच नव्हती. उरला तो एक ‘मी’ आणि एक बिननावाचा ‘तू’, आणि त्या ‘तू’च्या जागी ज्याने त्याने आपल्या मनातला चेहरा बसवला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भारतीय काव्यशास्त्राने या गोडव्याचे स्पष्टीकरण फार पूर्वीच दिले आहे, आणि ते इतके नेमके आहे की आजही त्यात भर घालण्यासारखे थोडेच आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात शृंगाररसाच्या दोन बाजू सांगितल्या आहेत, एक मीलनाची म्हणजे संभोग शृंगाराची आणि दुसरी वियोगाची म्हणजे विप्रलंभ शृंगाराची. साहजिकच तेथे शंका उपस्थित होते की वियोगात जर अश्रू, निःश्वास, चिंता आणि कृशता हेच सारे असेल, तर त्याला करुणरस का म्हणू नये? भरतांचे उत्तर दोन शब्दांत सामावलेले आहे. करुण हा ‘निरपेक्ष’ असतो आणि विप्रलंभ हा ‘सापेक्ष’ असतो. निरपेक्ष याचा येथील अर्थ ‘निःस्वार्थी’ असा घ्यायचा नाही, त्याचा अर्थ आहे ‘अपेक्षा संपलेला’. माणूस गेला, परत येणार नाही, तेथे अपेक्षेला जागा उरत नाही आणि शोक सुरू होतो. विप्रलंभात अपेक्षा शिल्लक असते, ती उत्सुकतेतून आणि चिंतेतून उगवते, आणि ती असेपर्यंत त्या दुःखाची जात शृंगाराचीच राहते. अश्रू दोन्हीकडे सारखेच खारट असतात, पण एका ठिकाणी ते रिकाम्या वाटेकडे पाहून येतात आणि दुसऱ्या ठिकाणी वाट पाहताना येतात.

आधुनिक मानसशास्त्र वेगळ्या वाटेने याच जागी येऊन पोहोचले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनोव्ह यांनी १९७९ साली या झपाटलेल्या अवस्थेला ‘लिमरन्स’ असे नाव दिले आणि तिचे इंधन कोणते हेही सांगितले. आशा आणि अनिश्चितता या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या की ही अवस्था टिकते. स्पष्ट होकार मिळाला तर ती निवते, आणि स्पष्ट, निःसंदिग्ध नकार मिळाला तर हळूहळू विझते. २०१० साली अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, नुकतेच नाकारले गेलेल्या परंतु अजूनही प्रेमात असलेल्या १५ जणांना त्या व्यक्तीचे छायाचित्र दाखवून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा बक्षिसाच्या आनंदाशी आणि व्यसनाच्या ओढीशी निगडित असलेले मेंदूचे भाग नकारानंतरही सक्रिय असल्याचे आढळले. म्हणजे नकार पोहोचलेला असतो, पण मेंदूतले आनंदाची वाट पाहणारे यंत्र बंद पडलेले नसते. भरतांच्या शब्दांत सांगायचे तर ती व्यक्ती अजून ‘सापेक्ष’ असते.

अपेक्षा ही मनातली गोष्ट आहे आणि गाणे शब्दांनी बनते, म्हणून गीतकारासमोरचा खरा प्रश्न असा असतो की ही अपेक्षा दाखवायची कशी. ‘मला आशा आहे’ असे लिहिल्याने कोणाच्याही मनात आशा जागी होत नाही. या बाबतीत ज्ञानदेवांच्या विरहिणींइतके, म्हणजे विरहाने व्याकूळ स्त्रीच्या तोंडी असलेल्या अभंगांइतके, शिकवणारे दुसरे काही मला माहीत नाही. विठ्ठलासाठी व्याकूळ झालेली ती स्त्री दूरवर ओरडणाऱ्या कावळ्याकडे वळते. ‘पैल तो गे काऊ कोकताहे, शकुन गे माये सांगताहे’. कावळा ओरडला की पाहुणा येतो ही समजूत घराघरांतली आहे, आणि ज्ञानदेव तिच्यावरच सगळी रचना उभी करतात. ती कावळ्याला म्हणते, उड, तुझे पाय सोन्याने मढवीन. मग दहीभाताची उंडी तोंडी लावीन म्हणते, मग दुधाने वाटी भरून ओठी लावीन म्हणते. येथे थांबून पाहण्यासारखे आहे. ज्याच्याकडून उत्तर हवे आहे तो गप्प आहे, म्हणून ती एका पाखराशी सौदा करू लागली आहे, आणि हा सौदा करताना तिच्या हातात दहीभात आहे, वाटी आहे, म्हणजे घरातले जे जे गोड आहे ते ते सारे बाहेर आले आहे. दुःख सांगण्याच्या निमित्ताने ती प्रत्यक्षात एक पाहुणचार मांडते आहे. त्या अभंगात पाहुणा येत नाही तोपर्यंतच घर भरून जाते. गोडवा येथून येतो: अपेक्षा ही वस्तू बनून, खाऊ बनून, वाटीत ओतली जाते.

ज्ञानदेवांच्या दुसऱ्या एका विरहिणीत, ‘घनु वाजे घुणघुणा’ या रचनेत, शेवटी एक आरसा येतो. ‘दर्पणीं पाहातां रूप न दिसे वो आपुलें’ असे ती म्हणते आणि हे विठ्ठलाने केले असे सांगून थांबते. आरशात स्वतःचे रूप दिसेनासे झाले आहे. यानंतर सुमारे सातशे वर्षांनी सुरेश भट ‘सुन्या सुन्या मैफलीत माझ्या’ ही गझल लिहितात, १९८२ च्या ‘उंबरठा’ चित्रपटासाठी लता मंगेशकर ती हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीवर गातात, आणि त्या गझलेतही आरसा आहे. तेथे आरशात पाहणारीला स्वतःच्या जागी दुसऱ्याचे हसू दिसते. मी दोन्ही रचना एकामागून एक ऐकल्या तेव्हा अंगावर काटा आला होता. एकीत भक्ती आहे, दुसरीत घर सोडून कामासाठी दूर गेलेल्या स्त्रीचा एकटेपणा आहे, एकतर्फी प्रेमाचे गाणे म्हणावे तर यांपैकी कोणतेच नाही, पण एकतर्फी प्रेमात माणसाचे जे होते ते दोन्ही आरशांनी दाखवले आहे. प्रेम करणाऱ्याच्या आत त्याच्या स्वतःसाठी जागा उरत नाही, आणि ही गोष्ट भयंकर असूनही ती सांगताना दोन्ही ठिकाणी तक्रारीचा सूर लागत नाही.

सुरेश भटांच्या या गझलेचा पहिला शेर जरा जवळून पाहू, कारण गझल या प्रकाराची रचना एकतर्फी प्रेमाशी कशी जुळते हे त्यावरून सहज कळेल. ‘सुन्या सुन्या मैफलीत माझ्या तुझेच मी गीत गात आहे, अजूनही वाटते मला की अजूनही चांदरात आहे’. गझलेत प्रत्येक शेराच्या शेवटी जो शब्द तसाच्या तसा परत येतो त्याला रदीफ म्हणतात आणि त्याच्या आधी येणाऱ्या यमकाला काफिया म्हणतात. येथे ‘गात’, ‘रात’ हा काफिया आहे आणि ‘आहे’ ही रदीफ आहे. मैफल सुनी आहे, म्हणजे ऐकणारे कोणी उरलेले नाही, ज्याचे गीत तोही नाही, सारे होऊन गेले आहे. अशा प्रसंगी व्याकरणाला खरे तर ‘होते’ हा शब्द हवा. भटांनी रदीफ निवडली ‘आहे’. त्यामुळे गझलेच्या नियमानुसार प्रत्येक शेराला, तो कोठेही भटकून आला तरी, शेवटी ‘आहे’पाशीच यावे लागते. ऐकणाऱ्याला नियम ठाऊक नसतो, तरी त्याच्या कानाला काही शेरांतच कळते की हे मन भूतकाळात जायला तयार नाही. ‘मी अजून विसरलेलो नाही’ असे शंभर वेळा सांगून जे साधणार नाही ते एका क्रियापदाच्या काळाने साधले आहे.

गझलेत जे काम रदीफ करते तेच काम साध्या भावगीतात ध्रुवपद करते. आपल्याकडचे बहुतेक गाणे मुखड्यापासून सुरू होते, अंतऱ्यात दूर जाते, अनेकदा वरच्या सप्तकापर्यंत चढते, आणि पुन्हा त्याच पहिल्या ओळीवर उतरते. प्रेमात नाकारल्या गेलेल्या माणसाचे मनही नेमके असेच चालते. सकाळी ते कामाकडे जाते, मित्रांकडे जाते, एखादे पुस्तक उघडते, आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला तीच एक ओळ उभी असते. फरक एवढाच की आयुष्यात हे परतणे छळवादी वाटते आणि गाण्यात ते सुखावते, कारण गाण्यात परतण्याची वेळ ठरलेली असते. समेवर ओळ येणार आहे हे कानाला आधी कळते, ती येते, आणि जिवाला बरे वाटते. जे मनाला आवरता येत नव्हते ते तालाने आवरून दिलेले असते. दुःख कमी झालेले नसते, पण त्याला चाल मिळालेली असते.

छंदाच्या पातळीवर तर याहून सूक्ष्म गोष्टी घडतात. पृथ्वीच्या गीताकडे परत येऊन त्याची पहिली ओळ मोठ्याने म्हणून पाहा: यु-गा-मा, गु-नी-चा, ल-ली-रे, यु-गे-ही. एक आखूड अक्षर आणि दोन लांब अक्षरे, असा गट चार वेळा येतो. गझल लिहिणारे याला ‘लगागा लगागा लगागा लगागा’ असे म्हणतात, जुन्या छंदशास्त्रात ही भुजंगप्रयाताची चाल आहे. आता दुसरी ओळ म्हणा: क-रा-वी, कि-ती-भा, स्क-रा-वं, च-ना. ‘लगागा लगागा लगागा लगा’. शेवटचे एक अक्षर नाही. तिसरी ओळ पुन्हा पूर्ण बारा अक्षरांची, ‘किती काळ कक्षेत धावू तुझ्या मी’, आणि चौथी, जिथे ती प्रीतीची याचना किती वेळा करू असे विचारते, पुन्हा अकरा अक्षरांची. प्रश्न नेहमी पूर्ण भरलेल्या ओळीवरून उडी घेतो आणि एका अक्षराने अलीकडे पडतो. शेवटच्या त्या रिकाम्या जागेत जीभ क्षणभर थांबते, जणू कोणी उत्तर देईल म्हणून. हे कुसुमाग्रजांनी ठरवून केले की त्यांच्या कानाने आपोआप केले याने काही बिघडत नाही, ते तेथे आहे आणि म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या छातीत जाणवते.

या गीताच्या मागे जे खगोलशास्त्र आहे तेही प्रतिमेइतकेच सुंदर आहे. पृथ्वी सूर्यापासून सरासरी सुमारे १५ कोटी किलोमीटर अंतरावर आहे आणि सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने त्याच्याभोवती फिरते. सूर्याचे गुरुत्वाकर्षण तिला सतत आपल्याकडे ओढत असते, आणि भौतिकशास्त्राच्या भाषेत ती अखंडपणे सूर्याकडे पडतच असते. मात्र ती त्याच वेळी बाजूला पुढेही धावत असल्यामुळे तिचे पडणे दर क्षणी चुकते, आणि त्या चुकण्यालाच आपण कक्षा म्हणतो. ओढ नसती तर ती अंतराळात कोठेतरी सरळ निघून गेली असती. धावणे नसते तर जळून गेली असती. ओढ आणि अंतर दोन्ही आहेत म्हणून ऋतू आहेत, पाऊस आहे, आणि ते गीत म्हणणारे ओठ आहेत. मीलन न होणे ही या प्रेमाची केवळ व्यथा नव्हे, त्याच्या जिवंत राहण्याची अटही तीच आहे.

ही अट सर्वांनाच मान्य होत नाही, आणि मराठी कवितेने ती नाकारणाराही एक अजोड प्रेमी दिला आहे. राम गणेश गडकरी म्हणजेच गोविंदाग्रज यांच्या ‘प्रेम आणि मरण’ या कवितेत मोकळ्या मैदानातला एक वृक्ष आकाशातल्या विजेवर प्रेम करू लागतो. तो तिच्यासाठी झुरतो, वाळतो, आणि अखेर वीज खरोखरच त्याच्यावर कोसळते. तोच त्याचा मीलनाचा क्षण आणि तोच मरणाचा. ‘क्षण एक पुरे प्रेमाचा, वर्षाव पडो मरणांचा, मग पुढे’ ही ओळ मराठी माणसाने पुढे म्हणीसारखी वापरली. ही कविता मला थरारून टाकते, तरीही वय वाढत गेले तसा मी वृक्षाकडून पृथ्वीकडे सरकत गेलो. वृक्षाला काहीही करून एक क्षण हवाच आहे. पृथ्वी अशा जागी येते की ती म्हणते, ‘नको क्षुद्र शृंगार तो दुर्बळांचा, तुझी दूरता त्याहुनी साहवे’. अंतर सोसवते आहे असे म्हणणारी प्रेमी व्यक्ती साहित्यात फार दुर्मीळ आहे.

हा फरक केवळ आवडीनिवडीचा नाही. संस्कृत काव्यशास्त्रातील एक गोष्ट मला पहिल्यांदा वाचली तेव्हा खटकली होती, ती येथे सांगायला हवी. चौदाव्या शतकातील विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त, जी रती म्हणजे प्रेमभावना दोघांमध्ये नसून एकाच बाजूला आहे तिला ‘अनुभयनिष्ठ’ म्हटले आहे, आणि तिच्यातून शृंगाररस निर्माण होत नाही, फक्त शृंगाराचा आभास म्हणजे रसाभास होतो असे सांगितले आहे. ज्यांनी विप्रलंभाची इतकी हळुवार उकल केली त्या परंपरेने एकतर्फी प्रेमाला रसाच्या पंक्तीत पूर्ण पान वाढू नये, याचे मला वाईट वाटले होते. मग रावणाचे सीतेविषयीचे आकर्षण आठवले. तेही एकतर्फीच होते. आणि आजच्या मराठी वृत्तपत्रांत ‘एकतर्फी प्रेमातून’ हे शब्द बहुधा कोणत्या बातमीच्या मथळ्यात येतात हे आपल्या सर्वांना माहीत आहे. त्यापुढे हल्ला हा शब्द येतो. ज्या दोन शब्दांनी एक सुंदर गीत सुरू व्हावे त्याच दोन शब्दांनी एखाद्या मुलीवरच्या अत्याचाराची बातमी सुरू होते, आणि गाण्यांवर प्रेम करणाऱ्या माणसाला याकडे पाठ फिरवता येणार नाही. जुन्या शास्त्रकारांना समोरच्याची संमती नसलेल्या ओढीविषयी जी सावधगिरी वाटली ती मला आज अनाठायी वाटत नाही.

म्हणून गीत वाचताना मी एक गोष्ट तपासतो: प्रेम करणारा हक्क सांगतो की नाही. प्रेम आणि हक्क या दोन गोष्टी गाण्यात एकमेकींत मिसळल्या की गोडवा नासतो. ‘तू माझी होशीलच’, ‘तुझ्या नकारातच होकार आहे’, ‘तू हसलीस म्हणजे फसलीस’ अशा आशयाची चित्रपटगीते आपण ठेका धरून ऐकली आहेत, आणि त्यांत आर्त स्वर असला तरी अपेक्षेची जागा मागणीने घेतलेली असते. भरतांचा ‘सापेक्ष’ हा शब्द अपेक्षेविषयी आहे, वसुलीविषयी नाही. कावळ्याला दहीभात देणारी स्त्री विठ्ठलावर काहीही लादत नाही. सुन्या मैफलीत गाणारी गाते, पण मैफल सोडून गेलेल्याला ओढून परत आणत नाही. प्रेम पूर्ण ठेवून हक्क पूर्ण सोडणे ही गोष्ट जगताना जवळजवळ अशक्य आहे, आणि गाण्याच्या तीन-चार मिनिटांत ती शक्य होते. ऐकताना जे सुख वाटते ते बहुतांशी याचे आहे: आपल्याला न जमलेली उदारता आपल्याच आवाजात गुणगुणायला मिळते.

या सगळ्यात एक मोठी अनुपस्थिती आहे आणि ती आहे नकार देणाऱ्याची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंचे अनुभव लोकांकडून लिहून घेतले होते. ज्यांचे प्रेम नाकारले गेले होते त्यांच्या आठवणींत वेदनेबरोबर गोड क्षणही होते. ज्यांनी नकार दिला होता त्यांच्या आठवणी मात्र अधिक एकसुरी कटू होत्या, त्यांत अपराधीपणा होता, त्रागा होता, आणि काय करावे हेच न कळल्याची भावना होती. अभ्यासकांनी यामागचे एक कारण असे नोंदवले की प्रेम करणाऱ्याला कसे वागावे, काय बोलावे याचा नमुना संस्कृतीने दिलेला असतो, कथा-गीते त्याच्या बाजूने उभी असतात, आणि नाकारणाऱ्याला असा कोणताच नमुना मिळत नाही. मराठी गाण्यांच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे. ज्याचे प्रेम नाकारले गेले त्याच्यासाठी शेकडो गाणी आहेत. एखाद्याचे प्रेम चांगले आहे, खरे आहे, तरीही आपल्याला ते स्वीकारता येत नाही, या अवघड जागी उभ्या असलेल्या मुलीने किंवा मुलाने कोणते गाणे म्हणायचे? ‘पाषाणहृदयी’ हे विशेषण तेवढे त्यांच्या वाट्याला येते.

याच कारणासाठी पृथ्वीचे प्रेमगीत मला इतर सगळ्या गीतांहून वेगळे वाटते. त्यात सूर्याने नाकारलेली पृथ्वी स्वतःही नकार देणारी आहे. चंद्र तिला मोहवू पाहतो, ध्रुव निराश होऊन उत्तरेला संन्यस्त बसला आहे, धूमकेतू केस पिंजारून आर्जव करतो, मंगळ लाजून लाल होत प्रीतीची याचना करतो. पहिल्या कडव्यात स्वतःच्या मागणीसाठी तिने जो ‘याचना’ हा शब्द वापरला, तोच ती येथे मंगळासाठी वापरते. मागणारी आणि नाकारणारी एकच आहे, आणि दोन्हींसाठी तिच्याजवळ एकच शब्द आहे. तिचे सगळेच बोलणे मला पटते असे नाही. या साऱ्यांना गळ्याशी घेणे म्हणजे काजवे घेणे, असे ती एके ठिकाणी सुचवते, ते मला जास्त कठोर वाटते. शेवटी ती स्वतःला सूर्याच्या पायांची धूळ म्हणवून घेते तेथेही माझे मन अडखळते, कारण इतक्या विशाल प्रेमाने स्वतःला इतके लहान का करावे हे मला उमगत नाही. दूरता साहवते असे ती म्हणते तेथेच माझ्यापुरते ते गीत शिखराला पोहोचते.

परंतु नाकारताना ती या प्रेमिकांना जी विशेषणे देते ती पुन्हा पुन्हा वाचावीत. मंगळाला ती ‘लाजरा’ म्हणते. शुक्राला ‘प्रेमळ’ म्हणते. पहाटेच्या वेळी प्रभेचा पिसारा उभारून तो तिच्या दारी उभा आहे, असे ती सांगते, त्याच्या उभे राहण्याची थट्टा ती करत नाही. आकाशातही शुक्र असाच दिसतो. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत असल्यामुळे तो आपल्याला सूर्यापासून सुमारे ४७ अंशांहून अधिक दूर गेलेला कधीच दिसत नाही, म्हणून मध्यरात्री माथ्यावर न येता तो पहाटे पूर्वेला किंवा संध्याकाळी पश्चिमेलाच भेटतो. पृथ्वीच्या दारात उभा असला तरी तो स्वतःही फिरतो त्याच सूर्याभोवती. थोड्या वेळाने पूर्व उजळते, शुक्र फिकट होत जातो आणि दिसेनासा होतो, आणि ज्याच्या उजेडात तो विरून जातो त्याच्याकडे पृथ्वीने तोंड वळवलेले असते.